ओलं फडकं

हल्ली जेवताना माझी मान ताटाकडं जाते. उजवा खांदा धरलाय, हात तोंडापर्यंत येत नाही, म्हणून तोंडच हाताकडं न्यावं लागतं. परवा सुनेनं ते बघितलं आणि म्हणाली, "आई, चमचा देऊ का?" मी नको म्हटलं. तिला काय सांगणार, की असं जेवणारं माणूस मी लहानपणी रोज बघितलंय, आणि आमच्या घरात त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही असं ठरलेलं होतं. दुपारी सगळे कामाला गेले की पुंडलिकनगरचं हे घर अगदी गप्प होतं. नातीच्या जुन्या वहीत बरीच कोरी पानं उरली होती, ती घेऊन बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच. जोडाक्षरं चुकतील. कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालेल.

ते माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मूळचे पिशोरचे. शेती थोरल्या भावाकडं राहिली आणि आप्पा पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादला येऊन एका देवडीत, म्हणजे जहागीरदाराच्या वाड्यात, ड्रायव्हर म्हणून लागले. पुढं देवडीवाले सगळं आवरून हैदराबादला गेले. आप्पांचा बऱ्याच दिवसांचा पगार राहिला होता, त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्या जावयाची एक विलायती गाडी आप्पांना देऊन टाकली. पिस्त्याच्या रंगाची, लांबलचक. आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं पडवी. गाडी त्या दोन्हींपेक्षा लांब होती. अंगणात एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मायची म्हैस. उन्हाळ्यात माय गाडीच्या टपावर सांडगे घालायची, आणि आप्पा रोज सकाळी ते उचलून ठेवताना म्हणायचे, "एक दिवस साहेबलोक इचारतील, ह्या गाडीला जिऱ्याचा वास कसा काय." माय म्हणायची, "सांगा, विलायती अत्तर हाय."

स्टेशनकडच्या एका हॉटेलातून आप्पांना परदेशी पाहुणे मिळायचे. त्यांना वेरूळ, अजिंठा दाखवून आणायचं. ते काम चांगलं होतं. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जात आणि संध्याकाळी धुळीनं पिवळे होऊन येत. मी तेव्हा चौदाएक वर्षांची असेन. शाळा सुटून बरेच दिवस झाले होते. म्हशीचं बघायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. मला लोकांसमोर बोलायला जमत नसे. कधी पाहुणे घेऊन आप्पा घरावरून गेले, तर मी दाराआड जायची. एकदा एका गोऱ्या बाईनं खिडकीतून हात हलवला तेव्हा मी म्हशीच्या मागं जाऊन बसले होते. आजही फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जाते.

देवडी सुटल्यावर पिशोरला गेले असताना आप्पांचा उजवा खांदा निकामी झाला होता. तिथं एका लॉरीला पुढून हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि हात उखळीतून निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण नीट बसला नाही. कोपरापासून खाली हात चांगला होता, पकड होती, पण खांद्यातून वर उठत नव्हता. सदरा घालताना माय आधी ती बाही चढवायची. जेवताना आप्पा ताटावर वाकायचे. वेरुळाला बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली डबे सोडून बसत, तेव्हा आप्पा म्हणत, आज माझा उपास. आठवड्यातून पाच उपास करणारा माणूस म्हणून ते त्या लोकांत धार्मिक ठरले होते. घरी आले की संध्याकाळी पाच भाकरी खायचे, भिंतीकडं तोंड करून.

अशा हातानं गाडी कशी चालवायचे, तर त्या गाडीचं स्टेरिंग जगावेगळं होतं. आत एक पंप होता, त्यात लाल तेल असायचं आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं वळायची. शहरात तशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. लोक त्याला पावर स्टेरिंग म्हणायचे. ते एका बोटानं फिरे. आप्पांचा डावा हात सगळं करायचा, आणि उजवा नुसता खालच्या बाजूला चाकावर टेकलेला असायचा, मांडीवर ठेवल्यासारखा. बघणाऱ्याला वाटायचं, काय ऐटीत चालवतो हा. दुसरी कुठली गाडी आप्पांना चालवताच आली नसती. हे मी, माय आणि आप्पा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरला कळलं असतं तर त्यानं पाहुणे दिले नसते. लुळ्या हाताच्या माणसाबरोबर घाटात कोण बसेल?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर स्टेरिंग कण्हायला लागलं. वळणावर गाडीच्या पोटातून आवाज यायचा, आमची म्हैस व्यायच्या आधी करायची तसा. रोज थोडं थोडं जड होत गेलं. आप्पा घरी आले की सदरा न काढता तसेच पडवीत बसून राहायचे. माय तेल गरम करून खांदा चोळायची. ऐकू यायचा तिच्या बांगड्यांचा आवाज आणि शेजारच्या गिरणीच्या पट्ट्याची टकटक. दोनदा मॅनेजर म्हणाला होता, "किसनराव, गाडी रडतेय तुमची. पाहुणे विचारतात." दुसरा एक गाडीवाला हॉटेलच्या फाटकाशी येऊन उभा राहायला लागला होता.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागं हमीदचाचांचं गॅरेज होतं. चाचा आप्पांचे देवडीपासूनचे दोस्त. देवडीच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांनी तेल बोटावर घेऊन बघितलं आणि सांगितलं, तेल जळून गेलंय, बदलायला पाहिजे. पण ते लाल तेल इथं मिळत नव्हतं. चाचांनी आपल्या साडूला मुंबईला निरोप दिला आणि महिन्यानं एक डबा आला. एकच. चाचा म्हणाले, "गाडी लाव इधर, मी घंट्यात करून देतो." आप्पा म्हणाले, "तुमाला कशाला तरास. सांगा मला, मी घरीच करतो." चाचांना नवल वाटलं असणार. पण गॅरेजात दिवसभर ड्रायव्हर लोक बसलेले असायचे, कुणी म्हणणार, किसन, जरा ते बॉनेट वर धर. म्हणून आप्पा गॅरेज टाळायचे.

अजिंठ्याला न्यायचे पाहुणे होते, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांनी तो डबा काढला. माय धुणं घेऊन खाम नदीवर गेली होती. आप्पा मला म्हणाले, "कौसे, हात धुवून ये. आज तू माझा उजवा हात." एवढं सरळ त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

पुढची दोन्ही चाकं जॅकनं उचलून दगडांवर टेकवली. जॅकचा दांडा आप्पा डाव्या हातानं आणि पायानं रेटत होते. मग त्यांनी इंजिनाजवळची छोटी टाकी दाखवली. तिच्या खालची एक नळी मी सोडवायची, तिचं तोंड घमेल्यात ठेवायचं. मग आत बसून स्टेरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. फिरवलं की जुनं तेल घमेल्यात पडणार. मग उतरून टाकीत वरून नवं ओतायचं, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, पुन्हा आत जाऊन फिरवायचं. घमेल्यात लाल तेल दिसायला लागलं की थांबायचं. आप्पा उलट्या बादलीवर बसून बोटानं दाखवत होते आणि मी करत होते.

मी पहिल्यांदाच त्या जागेवर बसले. गादी इतकी खोल होती, की समोर फक्त आभाळ आणि पत्रा दिसत होता. इंजिन बंद असल्यावर ते स्टेरिंग किती जड असतं ते मला तेव्हा कळलं. दोन्ही हातांनी लोंबकळावं तेव्हा ते हलायचं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, खाली उतरायचं, बघायचं, पुन्हा चढायचं. जुनं तेल काकवीसारखं काळं होतं. जळकट वास येत होता. माझे दंड भरून आले, पण मी थांबले नाही. आप्पा मधूनमधून म्हणायचे, "दमानं. दमानं घे." आणि स्वतः नुसते बसायचे. ते बसणं त्यांना किती जड जात होतं ते मला आता कळतं.

नवा डबा उघडायच्या आधी आप्पा म्हणाले होते, "त्यात कचरा जाता कामा नये. एक कण गेला तरी पंप खाऊन टाकतंय." डब्याच्या बुचाभोवती मुंबईपासूनची धूळ बसली होती. मी विचार केला, गाळून घेऊ. आमच्याकडं त्या काळी सगळंच गाळायचे. विहिरीच्या पाण्यातून नारू व्हायचा, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. आमच्या गल्लीत दोन माणसं त्यानं लंगडी झाली होती. म्हणून मायनं जुन्या धोतराचं चौपदरी फडकं केलं होतं, ते कायम रांजणाच्या तोंडाला बांधलेलं असायचं. न गाळलेला घोट मायनं कुणाला पिऊ दिला नाही. मी तेच फडकं सोडून आणलं. ओलं होतं, म्हणून करकचून पिळलं. आणि मायची दुसरी शिस्त अशी, की कुठलंही भांडं वापरायच्या आधी विसळायचं. मी तांब्या घेतला, चांगला दोनदा विसळला, उपडा करून झटकला, आणि त्यावर फडकं धरून ते तेल गाळलं. दर खेपेला विसळून, दर खेपेला पिळून. आप्पांची पाठ होती, ते घमेल्याकडं बघत होते. मला वाटलं, त्यांनी न सांगता मी केवढी काळजी घेतली. पूर्ण डबा मी असा गाळला.

घमेल्यात लाल धार आली. नळी पुन्हा बसवली. आप्पांनी आत बसून इंजिन चालू केलं आणि स्टेरिंग फिरवलं. दोन-चार वेळा बरं वाटलं. मग गाडी हंबरायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. चाकं झटके देऊन वळायला लागली. आप्पांनी इंजिन बंद केलं, मी टाकीचं झाकण काढलं. आत फेस होता. लाल तेल राहिलंच नव्हतं, बीट उकडलेल्या पाण्यात दूध ओतावं तसा रंग झाला होता आणि फेस वर येऊन कडेनं गळत होता.

आप्पांनी फेस बोटावर घेतला. मग म्हणाले, "पानी हाय ह्यात. हमीदभाईच्या साडूनं पानी घातलं."

मला तेव्हाच कळलं. हातातलं फडकं मी मुठीत दाबलं, त्यातून लाल थेंब पायावर पडले. तोंड उघडलं होतं मी, असं आठवतं.  आप्पा म्हणाले, "जा, हमीदभाईला बलावून आन. म्हनावं ये आन बघ तुझ्या डोळ्यानं."

घर ते शहागंज बराच रस्ता आहे. त्या रस्त्यानं मी एकटी कधी गेले नव्हते. भाजीवाल्या बायका, टांगे, हातगाड्या, सगळे माझ्या लाल हातांकडं बघत होते. वाटेत मी ठरवत होते, चाचांना सांगायचं. गॅरेजात पाच-सहा माणसं चहा पीत बसली होती. मी खांबाजवळ उभी राहिले आणि उभीच राहिले. शेवटी एक जण म्हणाला, "उस्ताद, ये किसन की लडकी है ना? खून किसका किया इसने?" सगळे हसले. चाचांनी माझे हात बघितले, हुंगले, आणि हात पुसत उठले. "चल बेटी." वाटेत ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. एकदा विचारलं, "क्या हुआ?" मी लाल हात पाठीमागं घेतले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा माय आली होती, पिळलेलं धुणं तसंच पडवीत पडलं होतं. चाचांनी इंजिन थोडा वेळ चालवून तापवलं, टाकीत काडी बुडवली आणि तापलेल्या इंजिनाच्या लोखंडावर एक थेंब सोडला. तडतड वाजलं. दुसरा सोडला, तोही तडतडला.

"पानी है," चाचा म्हणाले.

"त्येच म्हनतोय मी," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तुमच्या मानसानं घातलं. महिनाभर वाट बघायला लावली आन हे पाठवलं."

चाचा काडी पुसत होते ते थांबले. "किसन, माझा साडू गरीब आहे. चोर नाही. डबा सीलबंद होता, तू पाहिला होतास."

"मग पानी आभाळातून पडलं?"

"मला काय माहीत. पण ऐकवू नकोस असलं. वीस साल झाले आपल्याला."

दोघंही थकलेले दिसत होते. भांडायलाही जोर लागतो, तो दोघांकडं नव्हता. चाचाच पुढं म्हणाले, "हे बघ, उद्याचं काम निघेल. पंपाचा पट्टा उतरवून टाकतो. पावर नाही राहणार, स्टेरिंग जड होईल. एक दिवस ताकद लाव. ट्रकवाले काय करतात? मी दुसरा डबा मागवतो, महिना लागेल."

आप्पा उलट्या बादलीवर बसले.

"एवढंच ना? दोन हात आहेत तुला."

आप्पा म्हणाले, "मला न्हाई जायचं उद्या. सांगा जाऊन मॅनेजरला, दुसऱ्याला पाठव म्हनावं."

"अरे पागल झाला का? एकदा गेलेलं काम परत येतं का?"

मायनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि ती जमिनीकडं बघत होती. आप्पा बादलीवर बसलेले. आणि मी दाराच्या चौकटीला धरून. मला अजून तो स्पर्श आठवतो, चौकटीचा रंग उडालेला होता आणि लाकूड बोटांना टोचत होतं. मी म्हटलं, "चाचा, पानी मी घातलं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फडकं पुढं केलं. "ओल्या फडक्यानं गाळलं. तांब्या विसळला. कचरा जाऊ नये म्हनून." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर न बोललेल्या माणसाला बोलायला लागल्यावर कुठं थांबायचं ते कळत नाही. मी म्हटलं, "आन आप्पाला पावरबिगर येत न्हाई चालवायला. त्यांचा उजवा हात उठत न्हाई."

 आप्पा उठले. माझ्याकडं बघितलं नाही, चाचांकडं नाही. म्हशीच्या पलीकडं, मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

चाचांनी खिशातून फडकं काढलं आणि एकेक बोट पुसायला घेतलं. सगळी बोटं पुसून झाली. मग मोठ्यानं, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "बेटी, मला ह्या कानानं कमी ऐकू येतं. इंजिनांनी खाल्ला. तू पाण्याचं काही बोललीस ते ऐकलं. पुढचं नाही ऐकलं."

मग माय बोलली. माय परक्या पुरुषाशी बोलायची नाही, चाचांशीसुद्धा दाराआडून बोलायची. ती म्हणाली, "भाईजान, ते लोखंडावर तडतडलं ना, ते पान्यानं?"

"हां भाभी."

"लोन्यातबी पानी असतंय. कढवताना अस्संच तडतडतं. पानी उडून गेलं की गप व्हतंय. मग तूप उरतं."

चाचा हसले. "भाभी, हे तूप नाही." मग हसायचे थांबले. परत लोखंडावर एक थेंब टाकला आणि तो तडतडून निवेपर्यंत बघत राहिले. "पण पाणी तर पाणीच आहे," ते म्हणाले.

गाडीतलं सगळं तेल पुन्हा काढायचं ठरलं. मी पुन्हा आत बसले. सकाळी एकदा केलेलं दुपारी पुन्हा, त्याच भरलेल्या दंडांनी. नळी चाचांनी धरली होती. आप्पा आले नाहीत. घमेलं घासून पुसून कोरडं केलं होतं, मायनं ते उन्हात पालथं घालून मगच दिलं. मायची मोठी लोखंडी कढई होती, पाहुणे आले की भजी तळायची. तिनं ती न विचारता आणली. चाचांनी अंगणाच्या मध्यावर तीन दगड मांडले, जाळ होऊ न देता नुसत्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कढई ठेवली आणि शेजारी मातीचं पोतं उघडं करून ठेवलं. "भडकलं तर पाणी नका ओतू. माती टाका." आणि स्वतः पोत्याजवळ बसले.

माय कढईजवळ बसली. मी तिला दर आठ दिवसांनी लोणी कढवताना बघत आले होते. ती कढईत बघत नसे, दुसरीकडं बघत ऐकायची. तशीच बसली, डोळे मिटल्यासारखे करून. आधी नुसतं शिजल्यासारखं झालं. मग तडतड सुरू झाली, बारीक, पाऊस पत्र्यावर सुरू होतो तशी. थेंब उडून तिच्या हातावर बसत होते, ती पदरानं टिपत होती. निखारा वाढला की चिमट्यानं दोन गोवऱ्या बाजूला काढायची. वास असा होता की म्हशीनं तोंड फिरवलं. फेस हळूहळू बसत गेला, रंग परत लाल दिसायला लागला. एका क्षणी मायचा हात सवयीनं पडवीकडं गेला, तिथं विड्याची पानं ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवलेली असत. तूप झालं की ती एक पान टाकायची. चाचा म्हणाले, "भाभी, पान नका टाकू. गाडी रंगून जाईल." मायला हसू आलं. त्या दिवसभरात तेवढंच एक हसू.

मग आवाज थांबला. मायनं अजून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "झालं." चाचांनी थेंब घेऊन लोखंडावर टाकला. इंजिन आता निवलं होतं, म्हणून उलथनं तापवून त्यावर टाकला. थेंब नुसता पसरला आणि धूर झाला. काही वाजलं नाही.

तेल निवायला संध्याकाळ झाली. कुणी जेवलं नाही. चाचा नमाज पढून परत आले. आता गाळलं नाही. चाचांनी वरचं वरचं अलगद ओतून घेतलं, तळाचा गाळ तसाच ठेवला. टाकी भरली, मी पुन्हा एकदा स्टेरिंग दोन्ही टोकांना फिरवलं, हवा निघून जावी म्हणून. चाकं जमिनीवर आली. मग चाचांनी भिंतीकडं बघून हाक मारली, "किसन, ये. तुझी गाडी तूच बघ."

आप्पा आले. बसले. इंजिन सुरू झालं. थोडी शिट्टी वाजल्यासारखं झालं, मग तेही गेलं. आप्पांनी डाव्या हाताच्या एका बोटानं चाक फिरवलं आणि ते फिरलं. त्यांनी उजवा हात उचलला, म्हणजे डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून उचलला आणि चाकाच्या खालच्या कडेवर ठेवला. रोज असंच ठेवत असणार. आम्हीसुद्धा ते कधी बघितलं नव्हतं. चाचा तेवढ्यात वाकून जॅकमध्ये काहीतरी शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

ती कढई पुन्हा चुलीवर चढली नाही. मायला तशी दुसरी मिळाली ती माझ्या लग्नानंतर. पुढं आठ-पंधरा दिवसांनी चाचा सायकलवर आले आणि आप्पांच्या स्टेरिंगला डाव्या बाजूला एक लाकडी मूठ बसवून गेले, लट्टूसारखी, म्हणजे एका हातानं सगळं चाक फिरवता येतं. आप्पांनी विचारलं, हे काय. चाचा म्हणाले, "बंबईत सगळे लावतात. फॅशन आहे." आप्पांनी ते तसंच राहू दिलं. गाडी आमच्याकडं आणखी चार वर्षं होती. मग पंपच गेला आणि तो काही मिळाला नाही. गाडी गेली त्यानंतर आप्पा फार दिवस घरी बसून होते, पण ते निराळं. आता माझ्या मुलाच्या गाडीत तेलच नाही म्हणतो, स्टेरिंग करंटवर चालतं. मला त्यातलं कळत नाही. मागं बसते आणि त्याच्या दोन्ही हातांकडं बघते.

त्या संध्याकाळी आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी खाताना भिंतीकडं तोंड करून बसले. मी पाठमोऱ्या आप्पांकडं बघत होते आणि मला वाटत होतं, पाण्याचं ते विसरतील, पण दुसरं मी जे बोलले ते काही विसरणार नाहीत. माझे हात इतके दुखत होते की मला भाकरी मोडता येईना. शेवटी मीही ताटावर वाकले. मायनं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि दिव्याची वात उगीच सारखी केली.

सकाळी त्यांनी सदरा घातला. बाही मायनं चढवली. मी दाराआड होते. गाडी सुरू झाली, अंगणात मागं आली, वळली, आवाज न करता. फाटकाशी आप्पांनी थांबवली आणि हाक मारली, "कौसे."

मी बाहेर गेले. ते समोर रस्त्याकडं बघत होते.

"पुढच्या बारीला फडकं कोरडं घे," ते म्हणाले. "तांब्याबी पुसून."

मी व्हय म्हटलं. ते गेले.